गोदाकाठी घोडा आणायचाच असेल तर कागदाचा आणा

नाशकात घोडा पाळणारा माणूस म्हणजे शहराला आधीच जड झालेलं प्रकरण. जिथे स्कूटर लावायला जागा नाही तिथे हा पागेला जागा शोधत फिरतो. वर पहाटे उठून नदीकाठानं रपेट मारायची हौस! अशा लोकांपासून गोदाकाठची वाट सुरक्षित कशी ठेवावी, असं मला आजवर कुणीही विचारलेलं नाही. पण मी स्वतःच एक घोडी बाळगून आहे, म्हणजे शत्रूच्या गोटातली माहिती हाताशी आहे. ती सुजाण नाशिककरांच्या कामी यावी, एवढाच हेतू.

आधी एक शब्द नीट समजून घ्या. ‘घोडेवाटेची सुरक्षितता’ यात सुरक्षित राहायची आहे ती वाट. घोड्याचं आणि त्याच्यावर बसलेल्याचं कुणी नाव काढलेलं नाही.

तेव्हा पहिलं काम माती झाकण्याचं. ओलसर मुरूम घोड्याला फार मानवतो. खूर जमिनीवर टेकला की किंचित पसरतो, उचलला की आकसतो, आणि त्या दाबानं पायातलं रक्त वर ढकललं जातं. कातळासारखा दिसणारा खूर म्हणजे आतून चांगला स्प्रिंगचा गादीपाट. जनावराला इतकी चैन बरी नव्हे. यावर आपल्या शहराकडे उत्तर तयार असतं: लाद्या. शक्यतो लाल-पिवळ्या, गुळगुळीत, आणि पावसाळ्यात शेवाळ धरेल अशा सावलीत. जुन्या नाशकातले आमचे नालबंद चाचा खूर तासता तासता म्हणाले होते, “ताई, लोखंड आणि लादी, दोघं भाऊ आहेत. एकमेकाला धरत नाहीत.”

आमची मैना सारंगखेड्याची. दत्तजयंतीला तापीकाठी घोडेबाजार भरतो तिथून आणलेली, त्यामुळे गर्दी, भोंगे, पाळणे, फटाके यांना ती भीक घालत नाही. पण लाद्या बसल्यावरच्या पहिल्या सकाळी ती मातीच्या कडेशी येऊन थांबली. मान खाली घातली, नाकपुड्या फुगवून हुंगलं, आणि बादलीतल्या पाण्याला आपण बोट लावून पाहतो तसा उजवा पाय पहिल्या लादीवर टेकवून परत घेतला. मी टाच दिली. तिनं कान मागे टाकले, ‘तुला हवं तर तू उतर आणि चाल’ या अर्थानं. दुसऱ्यांदा पाय टाकला तेव्हा नाल चर्रकन् घसरली आणि लादीवर वीतभर पांढरी रेघ उमटली. ती रेघ अजून आहे. एका काकांनी तिचा फोटो काढून ‘सुशोभीकरणाची नासधूस’ म्हणून मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर टाकला, त्याला चौदा अंगठे आले. घोडीच्या पायाची चौकशी कुणी केली नाही, आणि तेच बरोबर. पाय घोडीचा, लादी जनतेची.

या कामात एकच बाई मोडता घालते, ती म्हणजे खुद्द गोदावरी. २००८ ला आली, २०१६ ला आली, २०१९ ला आली. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की अख्खं शहर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे डोळे लावून बसतं: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. पाणी ओसरतं तेव्हा लाद्या पत्त्यांच्या डावासारख्या विस्कटलेल्या असतात आणि त्यांच्यावर बाईनं मऊ मातीचा थर पसरलेला असतो. फुकट. टेंडर नाही, टक्केवारी नाही. घोडेवाल्याला हवी ती वाट नदी स्वतः करून देते आणि आपण जेसीबी लावून ती खरवडून काढतो.

पूररेषांची गंमत याहून मोठी. निळी रेषा म्हणजे ढोबळमानानं पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई. आता तिथे ठेवण्यासारखं काय उरतं? गवत, करंज, उंबर, पायवाट, आणि फार झालं तर सात-आठ फूट रुंदीचा मुरमाचा पट्टा. त्याच्यावरून पाणी गेलं तरी दुसऱ्या दिवशी फावडं फिरवलं की काम झालं. पण जे वाहून जात नाही त्याची दुरुस्ती निघत नाही, आणि ज्याची दुरुस्ती निघत नाही त्याच्या उद्घाटनाला कोण येणार? तुम्ही या मोहात पडू नका. सिमेंटच मागा.

(न्यायानं सांगायचं तर पुराचा गाळ काही लोण्याचा गोळा नसतो. त्यात फुटक्या बाटल्या असतात, गज असतात, निर्माल्याच्या पिशव्यांची वेटोळी असतात. पूर गेल्यावर पहिले आठ दिवस मी घोडी घरी ठेवते आणि हातात काठी घेऊन पायी चालते. मागच्या खेपेला नऊ फुटकी बुडं, एक सळई आणि एक शाबूत मिक्सरचं भांडं निघालं. भांडं वापरात आहे.)

लाद्यांनंतर पाईप. नदीकाठच्या वाटेवर मोटारसायकली घुसतात ही तक्रार खरी आहे. तेव्हा तोंडाशी लोखंडी पाईप असे रोवावेत की दोन पाईपांमध्ये माणूस आडवा होऊन जाईल. मग पाहा. स्कूटरवाला येतो, पाय खाली सोडतो, हँडल तिरकं करतो, आरसा दुमडतो, पलीकडे. बुलेटवाला एकदा पुढे, एकदा मागे, पलीकडे. पाणीपुरीची गाडीसुद्धा शेजारच्या झुडपातून उतरवून नेता येते. अडकतात ते फक्त घोडा, बाळाची ढकलगाडी आणि व्हीलचेअरवरच्या आजी. हे तिघं शहराला सर्वांत धोकादायक असणार, त्याशिवाय इतका नेम धरून बंदोबस्त केला नसता.

मी अज्ञानापोटी एकदा अर्ज घेऊन गेले होते. म्हटलं, घोड्यापुरतं पाच फुटांचं एक तोंड ठेवा आणि तिथे जमिनीलगत फूटभर उंचीचे दोन ओंडके आडवे टाका. घोडा पाय उचलून सहज ओलांडतो, मोटारसायकल ओलांडू शकत नाही; आजींची आणि बाळाची वाट शेजारून वेगळी काढता येईल. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. मग म्हणाले, “घोडा ओंडक्याला अडखळून पडला तर जबाबदारी कुणाची?” मी विचारलं, “लादीवर घसरून पडला तर?” ते म्हणाले, “लाद्यांचा विभाग वेगळा.”

आता तुमच्या वैयक्तिक योगदानाकडे वळू. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. फक्त कपाळाच्या अगदी पुढ्यातलं आणि शेपटीच्या थेट मागचं तेवढं दिसत नाही. म्हणून यायचं ते मागूनच. विजेवरची स्कूटर असेल तर सोन्याहून पिवळं, कारण तिचा आवाज नाही. शेपटीशी पोचलात की हॉर्न दाबा. घोडी बुजली, चौखूर उधळली, तर मोबाईल आडवा धरा. उभ्या व्हिडिओत सगळी घोडी मावत नाही. काही अडाणी लोक लांबूनच “ताई, डाव्या बाजूनं येतोय हं” असं म्हणतात, वेग कमी करतात, थोडं अंतर सोडून जातात. माणसाचा आवाज ऐकला की घोडं शांत होतं, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं दिसतं. अशांमुळे सकाळी काहीच घडत नाही.

कुत्रा असेल तर मोकळा सोडा आणि “काही करत नाही तो” हे वाक्य तयार ठेवा. ते खरंच असतं. कुत्रा काही करत नाही, जे करायचं ते घोडी करते.

संक्रांतीच्या दिवसांत थोडं अधिक करता येईल. नायलॉनच्या मांजावर बंदी आहे, त्यामुळे तो जरा महाग मिळतो, इतकंच. स्वाराची मान जमिनीपासून सात-साडेसात फुटांवर असते. करंजाच्या दोन फांद्यांमध्ये तुटलेला मांजा नेमका त्याच उंचीला लोंबतो. काढू नका. गेल्या जानेवारीत मैना एका वळणावर आपोआप थांबली, मी चिडून लगाम सैल केला तरी हलेना. मग उन्हाची तिरीप आली तेव्हा माझ्या तोंडापुढे हातभर अंतरावर एक केस चमकला. तेव्हापासून मी तिला रोज एक गाजर जास्त देते आणि जानेवारीभर गळ्याला कातड्याचा पट्टा बांधते. लोक विचारतात, मान दुखते का? हो म्हणते.

लग्नाआधीच्या फोटोंचा हंगाम वेगळा. सोमेश्वरच्या धबधब्याकडे पहाटेच्या धुक्यात नवरी पंधरा फुटांचा घोळ पसरून उभी असते, डोक्यावर ड्रोन घोंघावत असतो, आणि फोटोग्राफर हात करून सांगतो, “मॅडम, तुमची घोडी फ्रेममध्ये येतेय.” दोन मिनिटांनी तोच विचारतो, “मॅडम, पाच मिनिटं घोडी मिळेल का?” नवरदेवाला रिकिबीत पाय कुठला घालायचा ते ठाऊक नसतं. तो उजवा घालतो आणि तोंड शेपटीकडे करून बसतो. तरीही फोटो छान येतात असं म्हणतात.

लिदीचा प्रश्न मात्र गंभीरच. घोडी गवत खाते, चंदी खाते, आणि वाटेत कुठेतरी त्याचा हिशोब चुकता करते. मी मागे येऊन फावड्यानं कडेला सारते, पण त्याआधी कुणी पाहिलं तर ग्रुपवर बोंब उठते. याच वाटेवर थर्माकोलच्या द्रोणांचा आणि कुरकुऱ्यांच्या पाकिटांचा सडा असतो. त्याबद्दल ओरड नसते, कारण तो आपल्या माणसांचा असतो. लादीवरच्या रेघेचा फोटो टाकणाऱ्या त्याच काकांनी लिदीवर तीन परिच्छेदांचा निषेध लिहिला होता. परवा संध्याकाळी अंधार पडल्यावर ते पागेच्या दाराशी आले. हातात तांदळाची रिकामी गोणी. “गुलाबांना टाकायची होती,” म्हणाले, “जुनी असेल तर जास्त चांगली.” मी गोणी भरून दिली. निषेध मागे घेतलेला नाही.

यावर कुणी इतिहासप्रेमी तुम्हाला आनंदवल्लीची गोष्ट सांगेल. गावाला आनंदीबाईंचं नाव, रघुनाथरावांचा मुक्काम इथलाच. त्यांच्या उत्तरेच्या मोहिमेत १७५८ साली मराठ्यांची घोडी सिंधूकाठी अटकेपर्यंत पोचली. आज त्याच आनंदवल्लीतून निघून सोमेश्वर गाठायचं म्हटलं तर मला तीन ठिकाणी उतरावं लागतं, एकदा मुख्य रस्त्यावर जाऊन डंपरांच्या रांगेतून यावं लागतं आणि एका ठिकाणी परत फिरावं लागतं. तुम्ही त्या इतिहासप्रेमीला शांतपणे सांगा की अटकेला लाद्या नव्हत्या.

दुसरा कुणी म्हणेल की भोसला मिलिटरी स्कूल १९३७ पासून इथे आहे, मुलं मैदानावर घोडेस्वारी शिकतात, ती पुढे कुठे जाणार? पुढे ती पुण्याला जातात, नोकरीला लागतात, कार घेतात. प्रश्न आपोआप मिटतो.

आणि घोड्यांचं आपल्याला वावडं आहे असंही कुणी म्हणू नये. सिंहस्थात आखाड्यांच्या मिरवणुका निघतात तेव्हा घोड्यांवर बसलेले साधू येतात, रस्ते धुतले जातात, वाहतूक वळवली जाते, आपण गच्चीवरून हात जोडतो. म्हणजे दर बारा वर्षांनी घोड्याला वाट मिळतेच. मी चौकशीला गेले की सध्या एकच उत्तर मिळतं: “२०२७ चा सिंहस्थ होऊ द्या, मग बघू.” यापूर्वी ते २०१५ चा होऊ द्या म्हणाले होते. बारा वर्षांत माझी पहिली घोडी म्हातारी होऊन गेली, अर्ज मात्र अजून तरणाबांड आहे. त्याला सात शेरे, चार जावक क्रमांक आणि एक चहाचा डाग आहे. तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर दुडक्या चालीनं जातो, कुठेही घसरत नाही, लीद टाकत नाही, कुत्र्याला बुजत नाही. गोदाकाठी घोडा आणायचा तर असा आणावा.

तुमच्यापैकी कुणाला अजूनही हाडामांसाचाच घोडा बाळगायची खोड असेल, तर जाता जाता एक सांगते. विसर्गाच्या बातम्या वाचत चला. मागच्या पावसाळ्यात नदीनं आमच्या बाजूचे दोन पाईप मुळासकट उपटून नेले आणि अकरा दिवस वाट मोकळी होती. मैना रोज सकाळी त्या गाळावरून कान पुढे करून, मान सोडून अशी चालली की मला लगाम धरायची गरज पडली नाही. बाराव्या दिवशी ठेकेदाराचा माणूस आला. मोटारसायकल अगदी आतपर्यंत घेऊन आला, टाकीवर सहा-सात वर्षांचा पोरगा, मागे बांधलेले पाईप. त्यानं खड्डे खणले, पाईप रोवले, सिमेंट ओतलं, फडक्याला हात पुसले. पोरगा सगळा वेळ मैनेकडे बघत होता.

“ताई,” तो माणूस म्हणाला, “पोराला एक फेरी देता का?”

मी पोराला वर घेतलं. या पाईपापासून त्या पाईपापर्यंत नेलं आणि परत आणलं.