हॉटेलात न मिळणारा रविवार

गेल्या रविवारी भाचा बाणेरहून सकाळीच उगवला. "मामा, आवरा, मिसळ खायला जाऊ." पुण्याच्या पेठेतलं नावाजलेलं ठिकाण, नाव सांगत नाही. पावणेनऊला पोचलो तर दारात वही, वहीत नाव लिहायचं, आमच्या आधी एकोणीस नावं. तळजाई टेकडी चढून आलेली एक अख्खी टोळी ट्रॅकपँटमध्ये उभी होती, जाळलं त्याच्या दुप्पट भरायला. दहाला पाच कमी असताना टेबल मिळालं. मिसळ झकास होती, खोटं कशाला बोलू. पण दुसरा पाव मोडला तेव्हा माझ्या खुर्चीच्या पाठीवर कुणाचा तरी हात टेकलेला. पुढच्या नंबरचे काका. माझ्या ताटलीत किती उरलंय ते बघत होते. सव्वा तास उभे राहिलो आणि पंधरा मिनिटांत बाहेर.

बाहेर खाण्याशी माझं वैर नाही. डोसा घरी करायचा नाद मी केव्हाच सोडला. हॉटेलचा तवा चांगला जाड, पहाटेपासून तापलेला. त्यावर गार पीठ पडलं तरी त्याला काही वाटत नाही. आमच्या तव्याला दुसऱ्या डोशालाच धाप लागते. वैशाली हॉटेलातलं एसपीडीपी (शेव-बटाटा-दहीपुरी) वैशालीतच खावं. कॅफे गुडलक १९३५पासून डेक्कनला बसलंय, तिथल्यासारखा बनमस्का मी घरी करून बघितला. बन होता, मस्का होता, चहासुद्धा बरा होता. तरी नाही जमला.

पण मग रविवारी सकाळी घरी निवांत नाश्त्याला करायचं काय? माझं मत असं की जे हॉटेलात मिळतच नाही ते. लोक घरी सांबारात जीव काढतात आणि वर विचारतात, "अगदी हॉटेलसारखं झालंय ना?" हॉटेलसारखंच हवं होतं तर जायचं होतं की हॉटेलात.

उदाहरणार्थ उकड. तांदळाची. पुण्यात शेकड्यांनी हॉटेलं आहेत, पण उकडीची प्लेट हातात कुठे पडेल हे मला तरी ठाऊक नाही. त्याला कारण आहे. उकड थांबत नाही. ताटलीत वाढली की पाच मिनिटांत तिच्यावर साय धरते, पंधरा मिनिटांत तिची वडी पडते. वेटर चार टेबलं करून येईपर्यंत ती खाण्यालायक राहायची नाही. हॉटेलला असा पदार्थ लागतो जो एक तर तयार होऊन पडून राहील, नाही तर दोन मिनिटांत ताटात येईल. उकडीला या दोन्ही गोष्टी जमत नाहीत. ती झाली की माणसांनीच तिच्यासमोर येऊन बसायचं.

आमच्याकडे ढवळायचं खातं माझ्याकडे असतं. वाटीभर पिठाला तीन वाट्या ताक, ताक आंबटच हवं. गार ताकात पीठ कालवून घ्यायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. तेलात मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण (आठ पाकळ्या, आई म्हणते चार पुरे, मी आठ घालतो), हिरवी मिरची, कढीपत्ता. त्यावर ते ताक ओतलं की मग हात थांबवायचा नाही. फोन वाजू दे, दाराची बेल वाजू दे. घट्ट व्हायला लागली की मंद आचेवर झाकण, एक दणदणीत वाफ. वर कच्चं शेंगदाण्याचं तेल. तूप घालणारी माणसं मला भेटली आहेत, चांगली माणसं आहेत.

पीठ कुठल्या तांदळाचं यावरून आमच्या घरी दोन तट आहेत. आईला मुळशीकडचा आंबेमोहोर हवा, बायकोला इंद्रायणी. खरं तर इंद्रायणी ही आंबेमोहोराचीच लेक. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ या भाताच्या वाणांच्या संकरातून ती निघाली, १९८७च्या सुमाराला. म्हणजे एकाच घराण्यातलं भांडण. हे मी एकदा दोघींना समजावून सांगितलं. दोघींनी मिळून मला कोथिंबीर निवडायला बसवलं.

फोडणीच्या पोळीचं तर विचारूच नका. शिळी पोळी कुठलं हॉटेल विकणार? आणि ताज्या पोळीची ती होत नाही. कुस्करताना तिचे कण सुटत नाहीत, नुसता लगदा. त्यामुळे आमच्याकडे शनिवारी रात्री सहा पोळ्या मुद्दाम जास्त लाटल्या जातात, फक्त शिळ्या होण्यासाठी. मुलगी याला "प्लॅन्ड शिळं" म्हणते. कांदा, दाणे, हळद, तिखट, चिमूटभर साखर, वरून लिंबू. तळाशी थोडी कुरकुरीत लागू द्यायची.

दडपे पोह्यांना गॅस फक्त फोडणीपुरता. पातळ पोहे, ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, लिंबू, मीठ, साखर, नारळाच्या पाण्याचा हबका, आणि मग वर ताटली आणि ताटलीवर वजन. आमच्याकडे खलबत्ता ठेवतात. अर्धा तास काहीच करायचं नाही. हा अर्धा तास मला फार आवडतो. पुरवणीतलं शब्दकोडं निम्मं होतं, आई तिसऱ्यांदा सांगते की आंघोळीआधी खाणं हे तिच्या माहेरी चालायचं नाही. ती स्वतः सहालाच आंघोळ करून बसलेली असते, त्यामुळे तो टोमणा आम्हा तिघांना. मग पोह्याचा पापड भाजून वर चुरायचा.

बायकोचा आक्षेप नोंदवतो, नाही तर ती कमेंटमध्ये नोंदवेल. "निवांत नाश्ता" म्हणताना निवांत कोण असतं? बरोबर आहे. आमच्या लहानपणी आई एकेक थालीपीठ तव्यावरून उतरवत आम्हाला वाढायची आणि तिचं स्वतःचं शेवटचं, अर्धवट गार झालेलं, ओट्याशी उभ्यानंच व्हायचं. थालीपीठ एका वेळी एकच होतं, मधल्या भोकात तेल सोडून, झाकण घालून, चांगली सात-आठ मिनिटं. चार माणसं एकदम जेवायला बसणं त्यात शक्यच नाही. म्हणून आता आम्ही टेबलावर बसतच नाही. सगळे स्वयंपाकघरात. थापणारा बदलत राहतो, पहिलं थालीपीठ चौघांत मोडून खायचं, मग दुसरं. लोण्याचा डबा ओट्यावर. मुलगी थापते ते नकाशासारखं होतं, पण कडा जास्त कुरकुरीत निघतात.

हे सगळं मी मिसळीवरून परत येताना गाडीत भाच्याला ऐकवलं. तो आयटीतला, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन तास काढणारा. तो म्हणाला, "मामा, मोकळ भाजणी म्हणजे काय?" सत्तावीस वर्षांचा मराठी मुलगा. मी गाडी बाजूलाच घेणार होतो. अरे, थालीपिठाचीच भाजणी ताकात सैलसर भिजवायची, भरपूर कांद्याच्या फोडणीत टाकायची, वाफेवर वाफ देत मोकळी करायची, वर खोबरं, सोबत दही. "करता का पुढच्या रविवारी?" म्हणाला.

हो म्हणून बसलोय आणि डब्यात भाजणी संपली आहे. विकतची मिळते, पण आई घरात असताना ती आणायची माझी हिंमत नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी, गहू, हरभराडाळ, उडीदडाळ, धणे, जिरं, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण धणे जळतात तेव्हा हरभराडाळ अजून कच्ची असते. सकाळपासून भाजतोय, घरभर वास आहे, उडीद थोडा लागलाय पण तो मी बोलणार नाही. डबा तयार आहे. गिरणीवाल्याला ज्वारीवर दळायला सांगायचं आहे आणि तो एकला शटर ओढतो. आता साडेबारा वाजलेत. निघतो.