नवतपा आणि थंड रक्त

साप पाळण्याविषयी जे काही वाचायला मिळतं, ते बहुतेक बर्फ पडणाऱ्या मुलखातल्या लोकांनी लिहिलेलं. त्यांचा पहिला धडा ठरलेला: सापाला ऊब कशी द्यावी. खाली हीटिंग पॅड, वर बल्ब, बाजूला थर्मोस्टॅट. नागपुरात हा धडा मे महिन्यात वाचणं म्हणजे नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ रखरखीत दिवसांत, गोधडीचे भाव विचारणं. ऊब इथे फुकट आहे. गच्चीवर, नळात, गाडीच्या सीटवर, हवी तेवढी घ्या. आपला प्रश्न उलटा. थंड रक्ताच्या प्राण्याला थंड कुठे ठेवायचं?

आधी एक खुलासा, नाहीतर एखादा पोट्टा उद्या नाल्यातून धामण उचलून घरी नेईल. इथल्या मातीतला साप, धामण असो की अजगर, घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. तो घरात निघाला तर वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करायचा आणि येईपर्यंत लांबून नजर ठेवायची. मी बोलतोय बॉल पायथनबद्दल. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, तीन ते पाच फुटी, बिनविषारी, आणि इतका भित्रा की धास्तावला की डोकं आत घेऊन स्वतःचा लाडू वळतो. पण त्यालाही कागद लागतात. २०२४ च्या नियमांप्रमाणे तो ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करावा लागतो. विकणारा ‘कागद मागाहून देतो’ म्हणाला, तर साप तिथेच सोडून तर्री-पोहे खायला निघून जावं. शिवाय हा २० ते ३० वर्षं जगतो. गृहकर्ज फिटतं, हा असतोच.

आता हिशोब. पेटी चार फूट लांब, दोन फूट रुंद. एका टोकाला ३१ ते ३३ अंश, दुसऱ्या टोकाला २५ ते २७, आर्द्रता साधारण ६० टक्के. दोन्ही टोकांना एकेक लपण, कारण लपायची जागा एकच असली तर भित्रा प्राणी ऊब सोडतो, पण लपण सोडत नाही. समोर नागपूरचा मे ठेवा: बाहेर ४५, खोलीत पंख्याखाली ३८, हवा पापडासारखी. ३५ च्या वर सापाला तासन्‌तास ठेवलं तर तो उष्माघाताने जातो, आणि जाताना आवाजही करत नाही.

इथे आपला कूलर कामाला येतो. ज्याला बाहेरगावचे पाहुणे हसतात, तोच वुडवूलचा, ढणढण वाजणारा लोखंडी डबा. कोरड्या हवेत तो एकाच वेळी तापमान उतरवतो आणि ओल वाढवतो, म्हणजे सापाला हव्या असलेल्या दोन्ही गोष्टी एका बटणात. मात्र झोत थेट पेटीवर नको आणि पेटी गच्चीच्या स्लॅबखालच्या खोलीत नको. दुपारी दोनला वीज गेली की आदल्या रात्री गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून थंड टोकाला ठेवायची. नुसता बर्फ ठेवू नये. जुलैत हाच कूलर वैरी होतो. पेटीत अंथरलेला भुसा ओला राहतो, सापाच्या पोटाखालचे खवले लालसर होऊन सडू लागतात. तेव्हा कूलर बंद, भुसा कोरडा, पेटीचे झरोके मोकळे.

थर्मोस्टॅट तरीही विकू नये. डिसेंबरात रात्रीचा पारा दहापर्यंत उतरतो आणि पॅड लावावाच लागतो. थर्मोस्टॅटशिवाय पॅड लावला तर साप त्यावर पोट भाजेपर्यंत बसून राहतो. खालून चटका बसतोय हे त्याला वेळेत कळत नाही.

कोरड्या उन्हाळ्यात दुसरं दुखणं म्हणजे कात. एरवी मोज्यासारखी अखंड निघणारी कात इथे जुन्या भिंतीच्या पोपड्यांसारखी तुकड्या-तुकड्यांनी निघते. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ होतात. तसे झाले की सापाला हात लावू नये, लपणात ओलसर मॉस, म्हणजे शेवाळ, भरावं. तरी तुकडे राहिलेच तर भोकं पाडलेल्या डब्यात कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल टाकून त्यात अर्धा तास ठेवावं आणि शेजारी आपण बसावं. डोळ्यावर राहिलेली कातीची चकती चिमट्याने ओढणाऱ्याचा तो चिमटा आधी जप्त करावा. ते काम डॉक्टरांचं.

घरात खरा संघर्ष पेटतो तो फ्रीझरमध्ये. जेवण म्हणजे गोठवलेला उंदीर, सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढा. जिवंत देऊ नये, तो उलट सापालाच चावतो. रात्री फ्रीजमध्ये खाली उतरवायचा, दुसऱ्या दिवशी पिशवीत बांधून गरम पाण्यात ठेवायचा, अंगाला साधारण ३८ अंश ऊब आली की लांब चिमट्याने द्यायचा. मायक्रोवेव्हचा विचारही करू नये. उंदीर फुटतो आणि संसारही. आमच्या फ्रीझरमध्ये उंदरांचा डबा वेगळा, कुलूपबंद आणि ठळक अक्षरांत लिहिलेला, तरी आईचं म्हणणं असं की तिची मटाराची पिशवी त्याच्याकडे पाहून बिथरते. पिल्लाला आठवड्याला एक, मोठ्याला दोन ते चार आठवड्यांनी एक. आणि हे महाशय कधीकधी महिनोन्‌महिने जेवतच नाहीत. चातुर्मास पाळतात म्हणा. स्वयंपाकघरातल्या नव्हे, वेगळ्या काट्यावर वजन करत राहावं. दहा टक्क्यांच्या वर उतरलं तर मात्र डॉक्टर.

हातात घेण्याचं शास्त्र सोपं आहे, पण लोक तेच विसरतात. आधी हात साबणाने धुवा. सावजी चिकन खाल्लेल्या बोटांना जेवणाचा वास येतो आणि साप वासावर विश्वास ठेवतो. जेवल्यावर ४८ तास उचलू नये, नाहीतर गिळलेलं बाहेर येतं, आणि मग दोन आठवडे उपास. वरून झडप घालू नये, तशी घार घालते. आधी अंगाला साप हाताळायच्या हुकने हलकेच स्पर्श करावा, म्हणजे हे जेवण नव्हे हे त्याला कळतं. मग बाजूने हात घालून मधला भाग एका हातावर, मागचा दुसऱ्यावर. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. गळ्यात घालून फोटो काढू नये, तो हार नाही. परत ठेवल्यावर पुन्हा हात धुवा, पोट बिघडवणारा साल्मोनेला जंतू फुकट मिळतो. लहान लेकरांना तर हात लावू देऊच नये.

चावलाच तर ओढू नका. दात आतल्या बाजूला वळलेले असतात, ओढलं की कातडी फाटते आणि त्याचे दात तुटतात. थंड पाण्याची धार धरा, तो सोडतो.

पेटीला कुलूप हवंच. निसटला की तो अंधारं, उबदार आणि अरुंद शोधतो: फ्रीजच्या मागे, सोफ्याच्या आत, गादीच्या घडीत. रात्री दिवे घालवून भिंतीच्या कडेने शोधावं. शेजाऱ्यांना सांगावं का, यावर घरात एकमत नाही.

शेजारी एरवी पार समजूतदार. श्रावणात पचमढीजवळच्या नागद्वारची यात्रा करून आलेल्या काकू नागपंचमीला दूध-लाह्या घेऊन दारात उभ्या राहतात. “पाजता ना जी याले?” साप दूध पचवू शकत नाही, त्याला फक्त पाणी लागतं, हे दरवर्षी सांगावं लागतं. “बाप्पा, मग याच्या समोर ठेवून तरी द्या,” म्हणतात. तो लपणात लाडू होऊन बसलेला असतो, डोळे दुधाळ. काकू पेटीला लांबूनच हात जोडतात, आणि त्या दुधाचा आम्ही चहा करतो.