लहान बांधाचा धोका उंचीवरून ठरत नाही

पावसाळा तोंडावर आला की ठाणे आणि नवी मुंबईतील व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. शहापूर-मुरबाडकडील शेतघरांत व रिसॉर्टांत नौकाविहारासाठी बांधलेली लहान खासगी धरणे निर्धोक असतात, धरण सुरक्षा कायदा त्यांना लागू नाही, ‘उच्च धोका’ हा शेरा केवळ मोडकळीस आलेल्या धरणांना मिळतो आणि वीस पावसाळे टिकलेला बांध पुढेही टिकतो, असे त्यात म्हटलेले असते.

कायद्याविषयीचे विधान बव्हंशी बरोबर आहे. 2021 चा अधिनियम 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना तो लागू होण्यासाठी 500 मीटर लांबीचा माथा किंवा 10 लाख घनमीटर साठा यांसारखी एखादी अट पूर्ण व्हावी लागते. परंतु कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिल्याने पाण्याचे वजन कमी होत नाही. एक हेक्टरच्या तळ्यात सरासरी चार मीटर पाणी असेल, तर ते 40,000 टन भरते.

‘उच्च धोका’ या शेऱ्याचा अर्थ मात्र सपशेल चुकीचा सांगितला जातो, आणि मला सर्वांत गंभीर वाटते ती हीच चूक. धोक्याचे वर्गीकरण बांधाची प्रकृती सांगत नाही. बांध फुटलाच तर खालच्या अंगाला किती जीवितहानी आणि किती नुकसान होईल, हे ते सांगते. म्हणूनच उत्तम स्थितीतील बांधही उच्च धोक्याच्या वर्गात बसतो, आणि बांधाला हातही न लावता केवळ ओढ्याकाठी नवी घरे उभी राहिल्याने त्याचा वर्ग बदलू शकतो. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ‘केली बार्न्स’ हे खासगी मालकीचे, सुमारे 12 मीटर उंचीचे मातीचे धरण होते. वीजनिर्मिती बंद झाल्यावर त्याचा जलाशय करमणुकीपुरता उरला होता. 6 नोव्हेंबर 1977 च्या पहाटे ते फुटले आणि खालच्या महाविद्यालयाच्या परिसरात 39 जणांचा बळी गेला. तेथे माणसे झोपलेली होती, एवढ्यानेच त्या लहान धरणाचा धोका मोठा ठरला होता.

वीस पावसाळ्यांचा दाखलाही फसवा आहे. मातीचा भराव माथ्यावरून वाहणारे पाणी सोसू शकत नाही, त्यामुळे त्याची सारी भिस्त सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेवर, असते. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी लावलेली जाळी पालापाचोळ्याने तुंबली, तर आजवर निभावलेला बांध एका रात्रीच्या अतिवृष्टीत फुटू शकतो. भरावावर वाढलेल्या झाडांची मुळे कुजून झिरप्याला वाट मिळते. पायथ्याशी येणारे पाणी गढूळ दिसू लागले, तर आतली माती वाहून जात आहे असे समजावे आणि साठा तातडीने, पण बेताबेताने उतरवावा. मालकाने जून उजाडण्यापूर्वी सांडवा मोकळा करून घ्यावा, अभियंत्याकडून भराव तपासून घ्यावा आणि खालच्या पाड्यांवर निरोप कोण, कसा पोहोचवणार हे ग्रामपंचायतीला लेखी कळवावे.