‘रोटरॅक्ट म्हणजे श्रीमंतांच्या पोरांचं फोटोसेशन’ : त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. एक माजी विद्यार्थ्यांचा, एक पालकांचा, एक भावकीचा आणि एक सोसायटीचा. मजकूर थोडक्यात असा : रोटरी, लायन्स वगैरे क्लब ‘युवा नेतृत्व’ म्हणून जे चालवतात ते सगळं थोतांड आहे. रोटरॅक्ट, इंटरॅक्ट (रोटरीचे अनुक्रमे तरुणांचे आणि शाळकरी मुलांचे क्लब), लिओ (लायन्सचा युवा क्लब) म्हणजे श्रीमंतांच्या पोरांचं फोटोसेशन. मुळात या परदेशी संस्थांच्या शाखा. कामं एका दिवसाची, फोटो वर्षभराचे. मुलांच्या हाती सर्टिफिकेट पडतं आणि मोठ्यांना खुर्च्या उचलायला फुकटची माणसं मिळतात. समाजसेवाच करायची तर कॉलेजात एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) आहे की! शेवटची ओळ : ‘आपल्या मुलांना यापासून लांब ठेवा.’

मी तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवते. कॉलेजात चार वर्षं रोटरॅक्टमध्ये होते, त्यातलं एक वर्ष सचिव. आता शाळेच्या इंटरॅक्ट क्लबचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे या विषयात मी तटस्थ नाही आणि तसा आवही आणणार नाही. पण मेसेजमधल्या काही गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, त्या मान्य करूनच पुढे जाते.

‘परदेशी संस्थांच्या शाखा.’

रोटरी १९०५ साली शिकागोत सुरू झाली आणि लायन्स १९१७ मध्ये, तेही शिकागोतच. हे कुणी लपवलेलं नाही. पण भारतातला पहिला रोटरी क्लब १९१९ साली कलकत्त्यात उभा राहिला, मुंबईचा १९२९ मध्ये. १२ ते १८ वयाच्या मुलांसाठीचा इंटरॅक्ट ५ नोव्हेंबर १९६२ रोजी अमेरिकेत फ्लोरिडातल्या मेलबर्न हायस्कूलमध्ये २३ विद्यार्थ्यांनी सुरू केला. तेव्हा जागतिक रोटरीचे अध्यक्ष कोण होते? कलकत्त्याचे नितीश लाहरी. आणि जगातला दुसरा इंटरॅक्ट क्लब निघाला तो तंजावरला. तेच, व्यंकोजीराजांचं तंजावर. साठ वर्षांहून जास्त काळ जे काम आपल्या शाळांमधून चालू आहे, त्याला अजून परकं म्हणणं मला पटत नाही.

‘श्रीमंतांच्या पोरांचा खेळ.’

मोठ्यांच्या क्लबात उद्योजक, डॉक्टर, वकील जास्त दिसतात हे खरं. मुलांच्या क्लबाचं तसं नाही. रोटरॅक्टर्सची आंतरराष्ट्रीय वर्गणी १ जुलै २०२२ पासून लागू झाली, ती कॉलेजशी जोडलेल्या क्लबात वर्षाला माणशी ५ डॉलर आणि गावातल्या क्लबात ८ डॉलर. म्हणजे काही शे रुपये. त्यात क्लबची आणि डिस्ट्रिक्टची (रोटरीच्या विभागाची) वर्गणी मिळवली, तरी फार मोठी रक्कम होत नाही.

आमच्या वेळचा खजिनदार रिक्षावाल्याचा मुलगा होता, आणि सचिव, म्हणजे मी, एका प्राथमिक शिक्षकाची मुलगी.

अडचण आहे ती दुसरीकडे, आणि मेसेज लिहिणाऱ्याने तिच्याकडे पाहिलेलंच नाही. ती म्हणजे भाषा. बऱ्याच क्लबांत मीटिंग इंग्रजीत चालते. ‘कॉल टू ऑर्डर’पासून ‘व्होट ऑफ थँक्स’पर्यंत सगळं पाठ केलेलं असतं, आणि मराठी माध्यमातून आलेली मुलगी मागच्या रांगेत गप्प बसते. पहिल्या वर्षी मीही तशीच बसायचे. आमच्या शाळेच्या क्लबात पहिल्याच दिवशी ठरवून मीटिंग मराठीत घेतली. आठवीतल्या पोरांनी ‘सार्जंट ॲट आर्म्स’ला ‘शिस्तप्रमुख’ केलं आणि पुढच्या बैठकीपासून मागची रांग बोलायला लागली. परिषदांना जायचा प्रवासखर्च, ब्लेझर, राहणं हेही गरीब घरच्या मुलाला जड जातं. त्यासाठी पॅरेंट क्लबने, म्हणजे मुलांच्या क्लबाला पाठबळ देणाऱ्या मोठ्यांच्या रोटरी क्लबने, पैसे बाजूला काढायलाच हवेत. काही क्लब काढतात, काही काढत नाहीत, आणि जे काढत नाहीत त्यांना हे तोंडावर सांगायला हवं.

‘कामं एका दिवसाची, फोटो वर्षभराचे.’

या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण हेच वाक्य लोकांना सगळ्यात पटतं. वृक्षारोपणाचा फोटो येतो, पुढच्या उन्हाळ्यात त्या खड्ड्यात झाड नसतं. हे मी पाहिलंय आणि त्याचा मला रागही येतो. पण फोटोत दिसतो तो कामाचा शेवटचा तास. त्याच्या आधी नि नंतर काय होतं ते सांगते.

आमच्या गावचा रोटरॅक्ट क्लब रक्तदान शिबिर मे महिन्यात घेतो. या क्लबात माझे जुने विद्यार्थी आहेत. मे महिनाच का? कारण उन्हाळ्यात कॉलेजं बंद असतात, नेहमीचे दाते गावी गेलेले असतात आणि रक्तपेढीत टंचाई असते. रक्त फार काळ साठवून ठेवता येत नाही. लाल पेशी ३५ दिवस टिकतात, विशिष्ट द्रावणात ४२ दिवस, प्लेटलेट तर पाचच दिवस. १५ ऑगस्टला किंवा २६ जानेवारीला गावोगाव शिबिरं होतात, ते चांगलंच आहे, पण त्या बाटल्या मे महिन्यात उपयोगी पडत नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्याला उन्हाळ्याची सुट्टी नसते. हे सगळं रक्तपेढीत जाऊन, डॉक्टरांना विचारून शोधलं ते एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांनी, आणि तारीख बदलली तीही त्यांनीच. पॅरेंट क्लबमधल्या ज्येष्ठांना स्वातंत्र्यदिनच हवा होता. मुलांनी रक्तपेढीची साठ्याची वही पुढे ठेवली आणि ज्येष्ठांनी ऐकलं.

त्याच शिबिरातली एक गोष्ट. एक मुलगी सकाळपासून नोंदणीच्या टेबलावर होती. वय १८ पूर्ण आहे का, वजन ४५ किलोच्या वर आहे का, मागच्या रक्तदानाला पुरुषांचे तीन नि बायकांचे चार महिने झालेत का, हे विचारून नावं लिहीत होती. गर्दी ओसरल्यावर ती स्वतः बसली. तंत्रज्ञांनी बोटाला सुई टोचली आणि थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडला. हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर असेल तर थेंब तळाला जातो. तिचा थेंब वरच राहिला. ती वाकून बघत होती, आपण हललो तर तो बुडणार नाही असं वाटल्यासारखी अगदी स्तब्ध. ‘डिफर,’ तंत्रज्ञ म्हणाले, म्हणजे सध्या रक्त देता येणार नाही. तिने उठून स्वतःच्या अक्षरात स्वतःच्या नावापुढे ‘डिफर’ लिहिलं.

मग ती वहीची पानं उलटत बसली. मुलींच्या नावांपुढे तोच शब्द पुन्हा पुन्हा येत होता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. हा आकडा मी वर्गात शिकवला होता. तिला तो त्या वहीत दिसला. पुढच्या बीओडी (कार्यकारिणीच्या) मीटिंगमध्ये तिने विषय मांडला आणि क्लबने ग्रामीण रुग्णालयाशी बोलून कॉलेजातल्या मुलींची हिमोग्लोबिन तपासणी घेतली. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, त्या वाटल्या. दोन महिन्यांनी चौकशी केली तर बऱ्याच जणींनी गोळ्या सोडलेल्या. का? पोटात मळमळतं, आणि शौचाला काळं होतं म्हणून घाबरून. ते सांगायला पहिल्या वेळी कुणाला सुचलंच नव्हतं. दुसऱ्या फेरीत या मुलींनी प्रत्येकीला बाजूला घेऊन सांगितलं : काळं होणं हा गोळीचाच परिणाम आहे, घाबरू नकोस, आणि मळमळत असेल तर जेवणानंतर घे. या दुसऱ्या फेरीचा एकही फोटो नाही. कसा काढणार?

आणि ‘आजवर केलं काय’ असं विचारणाऱ्यांनी पोलिओ आठवावा. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओप्लस ही पोलिओ निर्मूलनाची मोहीम हाती घेतली. आपल्याकडे पल्स पोलिओ १९९५ पासून सुरू झालं. मी कॉलेजात असताना आम्ही बूथवर बसायचो. बाळाच्या डाव्या करंगळीला शाई लावायची, कुपीवरच्या चौकोनाचा रंग बघायचा (तो भोवतीच्या गोलाइतका गडद झाला की कुपी बाद), आणि दुसऱ्या दिवशी राहिलेली घरं शोधत फिरायचं. वीटभट्टीवरची, ऊसतोडीच्या पालांवरची बाळं सगळ्यात आधी सुटायची. खरं काम अंगणवाडी सेविकांचं नि नर्सबाईंचं होतं, आम्ही त्यांचे हरकामे. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी बंगालमध्ये हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपला सगळा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये रडले. एका दिवसाची कामं म्हणता? त्या बूथवरचा माझा वाटा खरंच एकेका रविवारचा होता. असे किती रविवार लागले ते मोजा.

‘हाती फक्त सर्टिफिकेट.’

सर्टिफिकेट मिळतं. माझं कुठल्याशा फायलीत आहे. शिकले ते मात्र वेगळंच.

या क्लबांतली पदं एका वर्षाची असतात. १ जुलैला नवा अध्यक्ष येतो आणि जुना ‘आयपीपी’ (लगतचा माजी अध्यक्ष) होऊन बाजूच्या खुर्चीवर बसतो. बारा महिन्यांत काम करायचं, शिवाय पुढच्याला तयार करून सोडायचं. आपल्या गावातल्या पतसंस्था, मंडळं, शिक्षणसंस्था डोळ्यांसमोर आणा आणि सांगा, तिथे किती जणांनी धडधाकट असताना स्वतःहून खुर्ची सोडली? विसाव्या वर्षी जो एकदा पद सोडून शांतपणे घरी गेलाय, त्याला पुढेही ते जमण्याची शक्यता जास्त, असं मला मनापासून वाटतं.

दुसरं हिशेब. माझ्या वर्षी जून संपत आला आणि जमाखर्चात ३४० रुपये जुळेनात. मी म्हटलं, आपण सगळे खिशातून भरू. खजिनदार म्हणाला, ‘भरले की कळणारच नाही कुठे चुकलं.’ तीन संध्याकाळ आम्ही कॉलेजच्या व्हरांड्यात पावत्या पसरून बसलो. मांडववाल्याची एकच पावती दोनदा लिहिली होती. पावतीबुकाशिवाय पैसा घ्यायचा नाही, इतिवृत्त त्याच रात्री लिहायचं, ही सवय मला तिथे लागली. बीएडने नाही लावली.

राहता राहिला ‘रायला’, म्हणजे निवासी नेतृत्व शिबिर. १९५९ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये सुरू झालेला हा उपक्रम १९७१ मध्ये जगभरच्या रोटरीने अधिकृतपणे स्वीकारला. इथे मेसेजवाल्याशी मी थोडी सहमत आहे. काही शिबिरांत सकाळपासून रात्रीपर्यंत वक्त्यांमागून वक्ते येतात आणि ‘स्वप्नं मोठी बघा’ सांगून जातात. ते वाया जातं. जिथे मुलांच्या हाती स्वयंपाक, बजेट आणि भांडणं मिटवणं सोपवतात, तिथून मुलं बदलून आलेली मी पाहिली आहेत.

‘एनएसएस आहे की.’

आहे, आणि उत्तम आहे. १९६९ पासून आहे. वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं गावातलं शिबिर हे कुठल्याही क्लबापेक्षा जड काम आहे. पण ते कॉलेजाबरोबर संपतं आणि कार्यक्रम अधिकारी हे प्राध्यापक असतात. रोटरॅक्टमध्ये कार्यकारिणी मुलं आपल्यातूनच निवडतात, आणि गावातल्या क्लबात एमआयडीसीत नोकरी करणारा, मेडिकलच्या दुकानात बसणारा असे कॉलेज सुटलेलेही येतात. माझे कितीतरी विद्यार्थी दोन्हीकडे आहेत. रविवार वाटून घेतात.

‘खुर्च्या उचलायला फुकटची माणसं.’

हे होतं. एका क्लबाच्या पदग्रहण समारंभात आमच्या मुलींना पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला उभं केलं होतं, दोन तास, उपाशी. व्यासपीठावर त्यांच्या कामाचा शब्द नाही. त्या रात्री मी खूप संतापले होते.

पण नियम मुलांच्या बाजूने आहेत. २०१९ साली रोटरीच्या विधिमंडळाने रोटरॅक्ट क्लबांना रोटरी इंटरनॅशनलचं सदस्यत्व दिलं. आता पॅरेंट क्लबशिवायही रोटरॅक्ट क्लब उभा राहू शकतो. ३० वर्षांची वयाची अटही गेली. म्हणजे ही मुलं मोठ्यांची पाहुणी राहिलेली नाहीत. आमच्या मुलींनी पुढच्या वर्षी पत्र दिलं : स्वागताला येऊ, पण आमच्या कामाच्या अहवालाला दहा मिनिटं हवीत. सात मिळाली. त्यात रक्तक्षयाच्या दुसऱ्या फेरीचं सगळं सांगून झालं आणि दोन डॉक्टर सभासद तिथल्या तिथे तपासणीला यायला तयार झाले.

‘मुलांना लांब ठेवा’ म्हणणाऱ्या पालकांना माझं एवढंच सांगणं आहे. क्लब सारखे नसतात, तेव्हा आधी एका मीटिंगला जाऊन मागे बसा. कोण बोलतंय ते ऐका, मुलं की सल्लागार. मागच्या वर्षीची हिशेबाची वही आणि इतिवृत्त मागा. लावलेल्या झाडांपैकी एक दाखवा म्हणा. आमच्या शाळेच्या क्लबाची मीटिंग महिन्यातल्या दुसऱ्या नि चौथ्या शनिवारी शाळा सुटल्यावर सातवी ‘अ’च्या वर्गात असते. दार उघडं असतं, आणि वही टेबलावरच ठेवलेली असते.