बाई भोळी होती म्हणे

लागू खटल्याचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. विष सापडलं नाही तरी फाशीची शिक्षा झाली, हे एक. आणि 'बाईच भोळी हो', हे दुसरं. (श्रीराम लागूंचा याच्याशी संबंध नाही. हा अनंत चिंतामण लागू, रुग्ण बाईला विष देऊन मारल्याचा आरोप असलेला पुण्याचा डॉक्टर. दर वेळी कुणीतरी विचारतंच.)

भोळी म्हणजे काय? लक्ष्मीबाई कर्वे पुण्यात शुक्रवार पेठेत राहणारी, बऱ्यापैकी इस्टेट असलेली विधवा. नवरा १९४५ मध्ये गेला, एक मुलगा १९५४ मध्ये. तिला स्वतःला मधुमेह. हा डॉक्टर लागू घरातलाच भाडेकरू, नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्यातही औषधपाणी बघितलेला. अशा माणसावर विश्वास टाकायचा नाही, तर कुणावर? १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री, मुंबईच्या मोठ्या डॉक्टरला दाखवायचं म्हणून, ती त्याच्यासोबत गाडीत बसली. पहाटे व्हीटी स्टेशनला बेशुद्ध. सेंट जॉर्जेस रुग्णालय स्टेशनला खेटून आहे. यानं टॅक्सीनं नेलं जीटी रुग्णालयात. दुपार व्हायच्या आत ती गेली.

प्रेत न्यायला कुणी आलं नाही. दहा दिवसांनी शवविच्छेदन, विष नाही.

आणि इकडे पुण्यात तिची पत्रं येऊ लागली! ती तीर्थयात्रेला गेली, तिकडे जयपूरकडच्या कुणा जोशींशी लग्न केलं. तिच्या पैशांवर, शेअर्सवर लागूचं हात मारणं चालूच.

मला खरी चलाखी विषात नाही, या थापेत दिसते. त्या काळच्या पेठेत विधवेनं पुन्हा लग्न केलं म्हटल्यावर नातलग शोधायला निघणार, की मान खाली घालून गप्प बसणार? लागूनं आपल्या लोकांना बरोबर ओळखलं होतं. तक्रार होऊन त्याला अटक झाली ती थेट १९५८ मध्ये. मग भोळं कोण, सांगा!

डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन विरुद्ध एक मतानं शिक्षा कायम केली. विषानं मृत्यू झाल्याचंच सिद्ध नाही, असं म्हणणारे न्या. सरकार एकटे पडले. कायद्याच्या अंगानं त्यांचा मुद्दा मला अजून टोचतो. पण नंतरची ती पत्रं वाचली की टोच बोथट होते.

जीटीत त्यानं तिचं नाव सांगितलं ते माहेरचं, इंदुमती. म्हणजे दवाखान्याच्या कागदावर मेली ती इंदुमती. लक्ष्मीबाई कर्वे पत्रं लिहीत होती.