होयलुंडचे नुसते गोल मोजू नका
लेखात डेन्मार्कचा फुटबॉल स्ट्रायकर रासमस होयलुंडला ‘अजून कच्चा’ ठरवताना फक्त गोल मोजलेत, ते पटलं नाही. 2023 मध्ये वयाच्या 20 व्या वर्षी मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबने त्याला आणलं आणि आल्या आल्या आघाडीचा सगळा भार त्याच्यावर टाकला. प्रीमियर लीगमधला (इंग्लंडची मुख्य लीग) पहिला गोल थेट 26 डिसेंबरला, ॲस्टन व्हिलाविरुद्ध. पण त्याआधी चॅम्पियन्स लीगच्या (युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा) गटसाखळीत त्याने 5 गोल केले होते! त्या मॅचेस पुन्हा बघा: हा जवळच्या पोस्टकडे धाव घेतो आणि विंगर (कडेने खेळणारा आक्रमक) बऱ्याचदा त्याला पास न देता आत वळून स्वतःच शॉट मारतो. खरी उणीव वेगळीच आहे. गोलकडे पाठ असताना सेंटर-बॅक (मधला बचावपटू) अंगावर आला की याचा पहिला टच लांब जातो. ते शिकायला सोबत भरवशाचा अनुभवी स्ट्रायकर हवा होता. संघातला दुसरा स्ट्रायकर मार्शल तर वारंवार जायबंदी.