मोरहाउस : यादी, श्रेय आणि एक चूक (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सप्रेम नमस्कार.

मोरहाउस कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनतीनदा वाचली. ती खरमरीत आहे पण खोडसाळ नाही, आणि तीत दाखवलेली एक चूक तर मला निमूटपणे पदरात घ्यावी लागणार आहे. म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळे होण्याऐवजी सविस्तर लिहितो आहे. आपण नाव दिलेले नाही, तेव्हा केवळ 'आपण' असेच संबोधतो.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की मोरहाउस हे अमेरिकेतील अटलांटा शहरातले, मुख्यतः कृष्णवर्णीय पुरुषांसाठी चालवले गेलेले कॉलेज. १८६७ साली, गुलामगिरी कायद्याने संपून दोन वर्षेही उलटली नव्हती तेव्हा, जॉर्जियातल्याच ऑगस्टा गावी एका बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात ते सुरू झाले, १८७९ मध्ये अटलांटाला आले आणि १९१३ पासून आजच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

आपले आक्षेप मला समजले ते असे. मोठ्या माणसांची यादी दिल्याने कॉलेज मोठे ठरत नाही. मार्टिन ल्यूथर किंग प्रतिष्ठित धर्मोपदेशकाच्या घरात जन्मले, ते कोठेही शिकले असते तरी पुढे आलेच असते. एका वंशाच्या आणि त्यातही फक्त पुरुषांच्या कॉलेजचे कौतुक करणे म्हणजे ज्या भेदभावाशी ही माणसे झगडली त्याचीच पाठराखण करणे होय. गांधीजींचा संबंध मी ओढूनताणून आणला. आणि रॉबर्ट स्मिथ हे मोरहाउसचे पदवीधर नाहीत.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तेथे वादाला जागाच नाही. स्मिथ कॉर्नेल विद्यापीठात शिकले. २०१९ च्या पदवीदान समारंभात पाहुणे म्हणून आलेल्या या उद्योगपतीने समोर बसलेल्या सुमारे ४०० पदवीधरांचे शैक्षणिक कर्ज आपण फेडू असे जाहीर केले, आणि मी बेसावधपणे देणाऱ्यालाच घेणाऱ्यांच्या रांगेत बसवले. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. ती करताना मात्र एक गोष्ट नव्याने टोचली. फेडलेली रक्कम सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलर होती. भागाकार केला तर विद्यार्थी आणि त्याचे पालक मिळून एका घरावर सरासरी ८५ हजार डॉलरच्या आसपास ओझे होते. पदवीधरांच्या यशाबद्दल लिहिताना पदवीची ही किंमत मी गाळली होती, आणि ती चूक आपण दाखवलेल्या चुकीपेक्षा मोठी आहे असे मला वाटते.

आता यादीकडे वळतो. नावांची जंत्री म्हणजे पुरावा नव्हे, हे मला मान्य आहे. पण किंग यांच्या घराचे उदाहरण आपण ज्या बाजूने दिलेत त्याच्या नेमके उलट ते उभे राहते. ते प्रतिष्ठित धर्मोपदेशक, म्हणजे थोरले किंग, जन्माने प्रतिष्ठित नव्हते. ते वाट्याने जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याचे पोर. अटलांटात आले तेव्हा लिहिणे-वाचणे जेमतेम येत होते, आणि विशी गाठल्यावर त्यांना पाचवीच्या अभ्यासापासून सुरुवात करावी लागली. मोरहाउसच्या प्रवेशपरीक्षेत ते नापास झाले, कॉलेजचा अभ्यास तुम्हाला झेपणार नाही असे त्यांना तोंडावर सांगण्यात आले. तेव्हा हा गडी तडक अध्यक्ष जॉन होप यांच्या खोलीत शिरला आणि आपली बाजू मांडून बाहेर आला. होप यांनी प्रवेश दिला. अडखळत, घासून अभ्यास करत त्यांनी १९३० मध्ये पदवी मिळवली. धाकटे किंग त्या वेळी दीड वर्षाचेही नव्हते. म्हणजे ज्या सुस्थितीचे श्रेय आपण घराण्याला देता, त्या सुस्थितीचा एक मोठा खांब याच कॉलेजने रोवलेला होता.

धाकट्या किंगची गोष्टही पूर्ण पाहावी. दुसऱ्या महायुद्धात तरुण सैन्यात गेल्याने वर्ग ओस पडले, म्हणून तेव्हाचे अध्यक्ष बेंजामिन मेज यांनी हुशार शाळकरी मुलांना परीक्षा घेऊन लवकर प्रवेश देण्याची सोय केली. किंग १९४४ मध्ये पंधराव्या वर्षी आत आले ते या वाटेने. चार वर्षांत त्यांचे गुण सामान्यच राहिले. गुणपत्रिकेवरून त्यांच्याविषयी भाकीत करणाऱ्याची फसगत झाली असती.

मला म्हणायचे आहे ते असे की मोरहाउसचे यश एकेका नावात सापडत नाही. एक माणूस पुढच्या माणसाला जी वाट मोकळी करून देतो, तिच्यात ते सापडते, आणि नावे प्रसिद्धीच्या क्रमाने न लावता काळाच्या क्रमाने लावली की ते डोळ्यांना दिसू लागते. मागच्या लेखात मी नेमके पहिले केले. त्यामुळे तो लेख दिवाळी अंकातल्या मान्यवरांच्या फोटोंच्या पानासारखा झाला, ही आपली टीका रास्त आहे.

१९२१ ते १९२४ या काळात हेच मेज मोरहाउसमध्ये गणिताचे तरुण शिक्षक होते. त्यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. त्या वेळच्या विद्यार्थ्यांत हॉवर्ड थर्मन नावाचा फ्लोरिडाचा मुलगा होता. त्याच्या गावात कृष्णवर्णीय मुलांची सरकारी शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीचा अभ्यास मुख्याध्यापकांनी त्याच्याकडून खासगीरीत्या करून घेतला, आणि पुढच्या शाळेसाठी तो जॅक्सनव्हिलला निघाला. स्टेशनावर त्याने तिकीट काढले. सोबत जुनी ट्रंक होती, तिला कड्या नव्हत्या, कशीबशी दोरीने बांधलेली. खिडकीतल्या माणसाने नियम सांगितला की सामानाची चिठ्ठी कडीलाच अडकवावी लागते, दोरीला नाही, तेव्हा ही ट्रंक वेगळे भाडे भरून पाठवावी लागेल. तेवढे पैसे नव्हते. मुलगा पायऱ्यांवर बसून रडू लागला. कामावरचे कपडे घातलेला एक कृष्णवर्णीय माणूस समोर थांबला, काय झाले ते विचारले, पैसे भरले, पावती मुलाच्या हातात दिली आणि एक शब्द न बोलता रुळांच्या कडेने निघून गेला. थर्मन यांना तो पुन्हा कधीच भेटला नाही. पासष्ट वर्षांनी, १९७९ मध्ये, त्यांनी आपले आत्मचरित्र त्या अनोळखी माणसाला अर्पण केले. असा मुलगा 'कोठेही शिकला असता' असे म्हणण्यापूर्वी ते 'कोठे' नेमके कोणते, हे सांगावे लागेल. थर्मन १९२३ मध्ये वर्गात पहिले आले.

त्याच वर्षीचे दुसरे पदवीधर जेम्स नेब्रिट. पुढे ते वकील झाले आणि राजधानी वॉशिंग्टनच्या शाळांतील वंशभेद ज्या खटल्यात घटनाबाह्य ठरला, तो बोलिंग विरुद्ध शार्प हा खटला त्यांनी सर्वोच्च न्यायालयात लढवला. निकाल १९५४ चा, राज्यांच्या सरकारी शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या सुप्रसिद्ध ब्राऊन निकालाच्याच दिवशीचा. त्याआधी ते शिकवत होते हॉवर्ड विद्यापीठात, आणि त्या विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष मॉर्डेकाय जॉन्सन हे मोरहाउसचे १९११ चे पदवीधर. वैद्यकातही असेच. १९५४ चे पदवीधर लुई सलिव्हन १९७५ मध्ये वैद्यकीय शिक्षणाचा पाया घालायला परत आले आणि त्यातून मोरहाउस स्कूल ऑफ मेडिसिन उभे राहिले. पुढे अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख अधिकारी, झालेले डेव्हिड सॅचर १९६३ चे पदवीधर, तेही नंतर याच वैद्यकीय संस्थेचे प्रमुख झाले.

प्रत्येक नाव या सूत्रात ओवता येते असे मात्र नाही, आणि ओवूही नये. धावपटू एडविन मोझेस भौतिकशास्त्राचे विद्यार्थी होते. कॉलेजकडे धावपट्टी नव्हती, म्हणून ते शहरातल्या शाळांच्या मैदानांवर सराव करत. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले, त्याचे श्रेय कॉलेजने फार जपून घ्यावे. चित्रपट अभिनेते सॅम्युअल जॅक्सन यांचे तर विचारूच नका. १९६९ मध्ये कृष्णवर्णीयांचा इतिहास अभ्यासक्रमात यावा आणि विश्वस्तांत कृष्णवर्णीयांची संख्या वाढावी या मागणीसाठी त्यांनी आणि साथीदारांनी विश्वस्तांनाच कोंडून ठेवले. आत थोरले किंगही होते. त्यांच्या छातीत दुखू लागले तेव्हा दार उघडायला नको म्हणून त्यांना खिडकीतून शिडीने खाली उतरवले, असे जॅक्सन स्वतः सांगतात. कॉलेजने त्यांना काढले, नंतर परत घेतले, आणि १९७२ मध्ये पदवीही दिली. यातले श्रेय कोणाचे, ते आपणच ठरवावे.

भेदभावाच्या आक्षेपाला माझे उत्तर दोन तुकड्यांत आहे, आणि दुसऱ्या तुकड्यात मी आपल्या बाजूला येतो. जॉर्जिया राज्याच्या विद्यापीठाची सनद १७८५ ची, पण तेथे पहिल्या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला तो जानेवारी १९६१ मध्ये, तोही न्यायालयाच्या आदेशाने. त्यांपैकी एक, हॅमिल्टन होम्स, तोवर मोरहाउसमध्येच शिकत होता. दार आतून लावून घेणे आणि बाहेर ठेवलेल्यांनी स्वतःसाठी छप्पर उभारणे या दोन गोष्टींना एकच नाव देता येणार नाही. शिवाय मोरहाउसने श्वेतवर्णीयांना मज्जाव केलेला नाही. २००८ मध्ये वर्गात पहिला आलेला विद्यार्थी श्वेतवर्णीय होता, आणि त्यावरून कॉलेजात बरीच चर्चाही झाली.

पुरुषांपुरते असण्याचे समर्थन मात्र मला इतक्या सहजपणे करता येत नाही. शेजारीच स्त्रियांचे स्पेलमन कॉलेज आहे, १८८१ पासूनचे, दोन्हीकडचे वर्ग एकमेकांना खुले असतात, हे सगळे खरे. पण श्रेय वाटताना काय होते ते पाहा. मार्च १९६० मध्ये अटलांटाच्या विद्यार्थ्यांनी वृत्तपत्रांत 'मानवी हक्कांसाठी आवाहन' प्रसिद्ध केले आणि आठवड्याभरात उपाहारगृहांतील धरणी सुरू झाली. या चळवळीचे नाव निघाले की मोरहाउसचे लोनी किंग आणि ज्युलियन बॉन्ड आठवतात. मीही त्या दोघांचीच नावे लिहिली होती. त्या आवाहनाचा मजकूर प्रामुख्याने लिहिला होता स्पेलमनच्या रॉझलिन पोप यांनी. त्यांचे नाव आता मूळ लेखात त्या दोघांच्या आधी घातले आहे.

राहिला गांधीजींचा संबंध. तो ओढूनताणून आणलेला नाही, पण मी तो अर्धाच सांगितला, हे आता कळते. थर्मन फेब्रुवारी १९३६ मध्ये पत्नी सू बेली थर्मन यांच्यासह बारडोलीला गांधीजींना भेटले. प्रश्न विचारायला गेलेल्या पाहुण्यांनाच गांधीजींनी मतदान, शाळा, चर्च, झुंडबळी यांवर प्रश्न विचारून भंडावले, आणि अहिंसेचा निर्भेळ संदेश कदाचित अमेरिकेतील कृष्णवर्णीयच जगाला देतील असे शेवटी म्हटले. महादेवभाई देसाईंनी लिहिलेला वृत्तान्त 'हरिजन'मध्ये छापून आला. त्याच वर्षाच्या अखेरीस मेज वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. पुढे १९५० मध्ये भारतात जाऊन आलेल्या मॉर्डेकाय जॉन्सन यांचे गांधीजींवरील भाषण फिलाडेल्फियात एका तरुणाने ऐकले आणि तो तडक गांधीजींवरची पुस्तके विकत घ्यायला गेला. तो तरुण म्हणजे किंग. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. म्हणजे तीन वेगवेगळ्या माणसांनी भारतातून नेलेली शिदोरी एकाच कॉलेजच्या लोकांत फिरत होती.

मी गाळलेला अर्धा भाग मेज यांच्या भेटीचा. वर्ध्यात त्यांनी अहिंसेविषयी विचारलेच, पण अस्पृश्यतेवर प्रहार करता तर जातिव्यवस्थेवर का करत नाही, असेही विचारले. गांधीजींनी जातीकडे श्रमविभागणी म्हणून पाहणारे उत्तर दिले. ज्या वर्षी हा संवाद वर्ध्यात झाला त्याच १९३६ मध्ये बाबासाहेबांचे जातिनिर्मूलनावरचे न झालेले भाषण मुंबईत छापून निघाले होते, आणि मेज यांचा प्रश्न जवळजवळ त्याच दिशेचा होता. त्याच दौऱ्यात म्हैसूरला अस्पृश्य मुलांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी मेज यांची ओळख 'अमेरिकेतले अस्पृश्य' अशी करून दिली. आधी त्यांना ते लागले. नंतर विचार केल्यावर पटले, आणि त्यांनी तसे प्रांजळपणे नोंदवले. मागच्या लेखात मी वर्ध्याची भेट दोन वाक्यांत, भक्तिभावाने उरकली होती. जातीचा प्रश्न आणि म्हैसूरची शाळा हे दोन्ही आता तेथे घातले आहे, आणि भक्तिभावाची दोन्ही वाक्ये काढली आहेत.

आपला,
ब्लॉगलेखक